न वाजवण्याची सुपारी

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "मास्तर, बँडमधल्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत, त्या सांगेनही. पण लिहायला बसलं की डोळ्यांपुढे एकच दार येतं आणि डोकं तापतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, हा लेख रागाने लिहिलेला आहे. वय झालं की राग निवतो असं लोक म्हणतात. माझा अजून निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

मी मुरबाडचा. मुरबाड, शहापूर आणि मधली गावं, एवढ्या मुलखात आमचा ब्रास बँड बरीच वर्षं वाजला. लग्न लावायला भटजी असो की बौद्धाचार्य, नवऱ्याला मांडवापर्यंत आणायचा तो आम्हीच. मी क्लॅरनेट वाजवायचो. बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो तो मास्तर. मास्तरने चाल धरायची, ट्रम्पेटवाल्यांनी ती उचलायची, युफोनियमने खालून भर द्यायची, साइड ड्रमने लोकांच्या पायांना ठेका द्यायचा आणि मोठ्या ढोलाने सगळ्यांना एकत्र बांधून ठेवायचं. आमच्यात कोणालाही लिहिलेले सूर वाचता येत नव्हते. कॅसेट लावायची, पुन्हा पुन्हा ऐकायची, चाल ओठांवर बसली की गाणं तयार. कल्याणला नवीन सिनेमा लागला की त्यातलं गाणं येत्या लगीनसराईत मुरबाडात मागितलं जाणार हे ठरलेलं, म्हणून कॅसेट दुकानात आली की पहिला गिऱ्हाईक मी असायचो.

कार्यक्रमाच्या बोलणीला आमच्यात सुपारी म्हणतात. हल्ली या शब्दाला सिनेमावाल्यांनी वाईट वास लावलाय. आमची सुपारी म्हणजे फक्त दिलेला शब्द. एकदा घेतली की घरात कोणी आजारी असो, टेम्पो घाटात बंद पडो, लग्नाच्या वेळेला बँड मांडवापुढे उभा पाहिजे.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. शहापूरच्या एका व्यापाऱ्याने नवी जीप घेतली, तिची वरात काढायची म्हणून आम्हाला बोलावलं. जीपवर मुंडावळ्या बांधल्या होत्या. अर्ध्या वाटेत ती चिखलात रुतली आणि आम्ही वाद्यं बाजूला ठेवून नवरीला धक्का मारला. एका नवरदेवाच्या मामाला नागाची धून एवढी आवडायची की ती वाजेपर्यंत तो रस्त्यावर आडवा पडून राहायचा, मागे एसटी हॉर्न मारतेय तरी उठायचा नाही. आणि एक गुरुजी होते. त्यांच्या निवृत्तीला जुन्या विद्यार्थ्यांनी बँड लावला. गुरुजींना घरून शाळेपर्यंत वाजवत आणायचं होतं. शाळेच्या फाटकापाशी पोचलो तर गुरुजींनीच हात वर करून आम्हाला थांबवलं आणि म्हणाले, "वर्ग चालू आहेत." त्यांचा सत्कार मग शाळा सुटल्यावर झाला. असा माणूस मला फार आवडतो.

कारण बँडवाल्याचं अर्धं शहाणपण कुठे थांबायचं यात असतं. लोक विचारतात, वाजवायला अवघड गाणं कोणतं. मी सांगतो, गाणं कुठलंच अवघड नाही, सरावाने सगळं येतं. थांबणं अवघड. वरात रंगात आलेली असते, पोरं अंगात आल्यासारखी नाचत असतात, आणि तेवढ्यात मशिदीत अजान सुरू होते, किंवा दवाखाना येतो. तिथे मास्तरला थांबता आलं पाहिजे, नाचणाऱ्यांच्या शिव्या खाऊन. आणि या सगळ्यांत पहिलं म्हणजे मयताचं घर. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरापुढून वाजवत जायचं नाही, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

त्याची आमची एक पद्धत होती. एरवी गाणं संपवताना ढोलाचा शेवटचा जोरदार ठोका पडतो, तो ऐकून लोक टाळ्या वाजवतात. मयताच्या घराजवळ तो ठोका द्यायचा नाही. मी क्लॅरनेट तोंडातून काढून खाली करायचो. ते दिसलं की ढोलवाला चामड्यावर तळवा ठेवून आवाज दाबायचा. मग ज्याची त्याची वाद्यं खाली, टोप्या काखेत, माना खाली, आणि मुकाट्याने चालत पुढे. चार घरं मागे पडली की आधी नुसता साइड ड्रम हळू सुरू व्हायचा. गाणं त्यानंतर. बँडमध्ये नवा माणूस आला की गाण्याआधी त्याला हे शिकवलं जायचं.

आता बुटांबद्दल सांगतो, कारण पुढे ते लागणार आहेत. आमच्या घराण्याकडे पूर्वी गावकीचं काम होतं. गावात काहीही असलं की आमच्या माणसांनी अनवाणी पुढे डफडं वाजवत चालायचं. बोलावणं नसायचं, हुकूम असायचा. जेवण अंगणाच्या कडेला, वरून टाकलेलं. दीक्षा घेतली त्या वर्षी माझ्या वडिलांनी ते डफडं चुलीत घातलं. त्यामुळे मी कल्याणच्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरकडे क्लॅरनेट शिकायला जातो हे कळलं तेव्हा ते माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "वाजवायचं तर वाजव. पन बोलावलं तरच जायचं, आनि पायात बूट घालून जायचं." आमच्या बँडला लाल कोट होते, सोनेरी झालर होती, टोप्या होत्या. कोट जुने झाले, झालर काळी पडली, पण बुटांना रोज पॉलिश असायचं.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. सापगावच्या पलीकडच्या एका गावाबाहेर मुंबईच्या एक चित्रकार बाई घर बांधून राहिल्या होत्या. नंदिता मॅडम त्यांचं नाव. गावाचं नाव मी लिहीत नाही, ज्या घराबद्दल लिहितोय त्या घरातली माणसं अजून तिथे आहेत. गावातली भाताची गिरणी बंद पडली होती. मॅडमनी ती साफसूफ करून घेतली आणि तिथे आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. भाताची खाचरं आणि तानसाहून मुंबईला जाणारे पाण्याचे मोठाले पाइप, असली चित्रं होती. चांगली होती. उद्घाटनाला मुंबईहून पाहुणे बसने येणार होते, आणि उद्घाटन फीत कापून नव्हे, संगीताने व्हायचं होतं.

ते संगीत बसवणारा पोरगा ईशान. त्याच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही, निदान इतक्यात नाही. तो मुरबाडला माझ्या घरी आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि सबंध दुपार माझं वाजवणं ऐकलं. क्लॅरनेटची पत्ती मी किती वेळ तोंडात भिजवतो तेसुद्धा त्याने बघितलं. मग म्हणाला, वरात सुरू व्हायच्या आधी तुम्ही सगळे आपापलं वाद्य फुंकून बघता, कोणाचा कोणाला मेळ नसतो, तो जो गलबला होतो, तो मला पाहिजे. गाणं नको. फाट्यावर बस थांबेल, तिथून गावातून गिरणीपर्यंत तुम्ही तसंच वाजवत यायचं, पाहुणे मागून चालतील, आणि गिरणीत पोचलात की मी माझ्या यंत्रांवर त्यात माझे आवाज मिसळीन.

आमचा ढोलवाला सदा हे ऐकून घाबरला. त्याचं लग्नच त्या भागातलं, अर्धं गाव ओळखीचं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, गावातून बेसूर वाजवत जायचं? लोक बोलतील, यांना वाजवताच येत नाय." त्याचं खरं होतं. बँडवाल्याचं दुकान म्हणजे त्याचं नाव. पण भातकापणी उरकली होती, लगीनसराईला अवकाश होता, आणि पोरगा मनापासून बोलत होता. मी सुपारी घेतली.

तालमीला गेलो तेव्हा मॅडमनी आमचे कोट बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. हे फार सिनेमातल्यासारखं दिसतं म्हणाल्या. साधं धोतर, उघडं अंग, पायात काही नाही, असं आलात तर किती मातीतलं वाटेल. मी म्हटलं, मॅडम, आमच्यात धोतर कोणीच नेसत नाही, सदा जीनची पँट घालतो. त्या म्हणाल्या, निदान बूट तरी काढा. मी म्हटलं, बूट निघणार नाहीत, बूट काढायचे असतील तर दुसरा बँड बघा. कारण सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. सांगितलं असतं तर त्याचंही त्यांना कौतुक वाटलं असतं. ईशान मध्ये पडला, आणि कोट, टोप्या, बूट सगळं राहिलं.

तालीम मात्र, खोटं कशाला बोलू, हळूहळू आवडू लागली. एकाने दुसऱ्याचं ऐकायचं नाही, ठेका धरला की मोडायचा. सुरुवातीला आम्ही हसून हसून बेजार झालो. नंतर त्या गिरणीच्या पत्र्याखाली सगळ्यांचे आवाज एकमेकांवर आपटून काहीतरी निराळंच उठायला लागलं. ईशानच्या यंत्रातून एक बारीक घुमणारा आवाज यायचा आणि आमच्या गलबल्याच्या खाली पसरायचा. सदासुद्धा म्हणाला, ऐकायला वंगाळ नाय. तेव्हा नव्या संगीतावर माझा राग आहे असं कोणी समजू नये.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही मुरबाडहून टेम्पोने परभारे फाट्यावर उतरलो. गावात शिरलो नाही, त्यामुळे गावात काय झालंय ते आम्हाला कळायला वाव नव्हता. मुंबईची बस आली. माणसं उतरली, सुती कपड्यांतली, चांगली सभ्य माणसं. ईशान एक साबणाच्या वडीएवढं यंत्र हातात धरून आमच्या बाजूने चालू लागला, त्यावर तो सगळं टेप करून घेत होता. आम्ही सुरू केलं. जसं बसवलं होतं तसंच वाजत होतं, प्रत्येकाचं वेगळं. वाटेवर गावातलं एक माणूस नव्हतं. बँड वाजतोय आणि एक पोर धावत आलं नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण कान वाजवण्यात गुंतले होते.

आळीत वळलो आणि नामदेवचं अंगण दिसलं. माणसं डोक्याला रुमाल बांधून बसली होती. मधोमध बांबू पडले होते आणि नामदेव हातात सुतळी घेऊन तिरडी बांधत होता. पारूबाई गेली होती, त्याची आई. मला सांगावं लागलं नाही. ते घर माझ्या ओळखीचं होतं.

या नामदेवच्या लग्नात आम्ही वाजवलं होतं. बँडवाले मांडवाबाहेर जेवतात, सगळ्यांचं उरकल्यावर, हा सगळीकडचा रिवाज. त्या लग्नात आमची पानं बाहेर मांडलेली बघून पारूबाई तरातरा आली आणि म्हणाली, माझ्या पोराला वाजवत आणलात, मंग बाहेर कशापायी बसता. तिने आम्हाला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं. कोणी कुजबुजलं असेल, तिने ऐकलं नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात असं करणारी ती पहिली बाई. घरी येऊन मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

मी क्लॅरनेट खाली केला. सदाने ढोलावर तळवा ठेवला. टोप्या काखेत आल्या. सगळा गलबला एकदम बंद झाला आणि नुसते आमच्या बुटांचे आवाज ऐकू येऊ लागले. त्याच वेळी आळीच्या दुसऱ्या टोकाला जीप थांबली आणि पारूबाईची लेक चंद्रा उतरली. तानसाकडे तिचं सासर. ती आमच्या अंगावरून धावत अंगणात शिरली, आत गेली, आणि आतून तिचा टाहो आला, "आये गो, वाट नाय बघितलीस माझी."

आणि मागून टाळ्या आल्या.

आधी एकाने वाजवली, मग सगळ्यांनी. कोणीतरी मोठ्याने वाहवा म्हणालं. मी वळलो आणि गप्प बसा म्हणून हात वर केला. त्यांना वाटलं मास्तर इशारा करतोय, टाळ्या आणखी वाढल्या. एका बाईंनी पुढे येऊन अंगणाचा फोटो काढला. नामदेवने सुतळी हातात धरूनच मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या दृष्टीने काय झालं होतं? मास्तरने बँड आणला, वाजवत वाजवत दारापुढे आला, थांबला, आणि मास्तरच्या माणसांनी त्याच्या आईच्या मयतावर टाळ्या पिटल्या.

गिरणीत पोचल्यावर आम्ही वाजवलं नाही. ईशानला मी सांगायला गेलो, तो यंत्रांच्या वायरी जोडण्यात मग्न होता. तेवढ्यात एक गृहस्थ माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, ती रडणारी बाई तुमच्याच ग्रुपमधली का, फार ताकदीचं काम केलं तिने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गिरणीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "अहो, ते खरं मयत आहे. त्या घरात माणूस मेलंय. तुम्ही कशावर टाळ्या वाजवल्या?" सगळे एकदम शांत झाले, मला वाटलं कळलं. तर ईशानने मान वर केली आणि माझ्या बोलण्याच्या खाली हळूच तो घुमणारा आवाज सोडला. त्याला वाटलं मास्तरला काहीतरी सुचलंय. मी बोलायचा थांबलो, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

नंदिता मॅडमना तेवढं कळलं. त्यांनी मला चित्रांच्या मागे नेलं. म्हणाल्या, सकाळी रखवालदार बोलला होता खरा, गावात कोणीतरी म्हातारी गेली म्हणून, पण तोवर बस निघाली होती. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तुम्ही आला नसतात म्हणून. आणि मग म्हणाल्या, आता पाहुण्यांना सांगू नका मास्तर, लांबून आलेत, त्यांना वाईट वाटेल.

वाचकहो, या वाक्यावर मी इतकी वर्षं जळतोय. एक शब्द मला सांगितला असता तर मी बँड मागच्या बांधावरून नेला असता. ती वाट गिरणीच्या परड्यातच निघते. सुपारी मोडली नसती, संगीत मोडलं नसतं, पाहुण्यांना शेतं बघायला मिळाली असती. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. पण त्यासाठी गावात माणूस गेलं ही गोष्ट सांगण्यासारखी वाटली पाहिजे. त्या गावाची खाचरं त्यांनी इतक्या बारकाईने रंगवली होती की बांधावरचं गवत ओळखू यावं. आणि त्या खाचरांत जन्मभर वाकलेली बाई गेली तेव्हा ती कोणीतरी म्हातारी.

आम्ही निघालो. आम्ही निघालो त्यालाही टाळ्या पडल्या.

कोट आणि वाद्यं टेम्पोत ठेवून आम्ही बांधावरून गावात आलो आणि मयताला गेलो. कोणी आम्हाला जा म्हणालं नाही, कोणी बसाही म्हणालं नाही. नामदेव माझ्याजवळून दोनदा गेला, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या लगीनसराईत त्या गावातून आम्हाला एक सुपारी आली नाही. आसपासच्या वाड्यांतूनही नाही. सदा सासुरवाडीला गेला की लोक बाकी सगळं बोलायचे, बँडचं नाव काढायचे नाहीत. बेसूर वाजवलं म्हणून नाव जाईल या भीतीने आम्ही सुरुवात केली होती. ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. मयताची टिंगल करणारा बँड, हे मात्र घरोघरी झालं होतं. मी दहाव्याला गेलो तेव्हा सांगायचा प्रयत्न केला, पण चार माणसांत ते बोलणं पुरं झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ईशान पुन्हा मुरबाडला आला. ते मयत खरं होतं हे त्याला तोवर कळलं होतं. मुंबईत एका मोठ्या गॅलरीत हाच कार्यक्रम करायचा ठरला होता. सगळं तसंच, म्हणाला, फक्त आता मधलं ते थांबणंही त्यात पक्कं बसवायचं. टोप्या काढायच्या, ढोलावर हात ठेवायचा, चालत राहायचं. लोक अजून त्याबद्दलच बोलतात.

"कोणाच्या दारात थांबायचं?" मी विचारलं.

"दार नसेल मास्तर. हॉल आहे."

"मग थांबायचं कशासाठी?"

वाजवायची सुपारी सगळे देतात, न वाजवायची सुपारी घेऊन आलेला तो पहिला. मी नाही म्हटलं. तेव्हा त्याने खिशातून ते यंत्र काढलं, माझ्या कानांवर हेडफोन ठेवले आणि म्हणाला, एकदा ऐका तर.

माझा क्लॅरनेट ऐकू आला, मग तो बंद झाला, मग बूट. मग चंद्राचा टाहो, असा स्वच्छ की ती शेजारच्या खोलीत असावी. आणि त्याच्यावर टाळ्या. ईशान सांगत होता, हा तुकडा गॅलरीत रोज लावून ठेवणार, कोणीही यावं आणि ऐकावं. तोपर्यंत मला वाटत होतं की जे झालं ते झालं, त्या दिवसापुरतं. हे तर रोज होणार होतं. पारूबाई रोज मरणार होती आणि रोज टाळ्या पडणार होत्या.

मी चप्पल न शोधता बूटच पायात सरकवले आणि त्याला म्हटलं, चल, ज्यांचं आहे त्यांना विचार. त्याची गाडी होती. एक सांगतो, तो मुकाट्याने आला. दुसरा कोणी आला नसता.

नामदेव घरी होता. मला बघून त्याने नुसतं "या" म्हटलं. मी ईशानला पुढे केलं. यावेळी चार माणसं नव्हती, म्हणून मला सगळं सांगता आलं: आम्ही फाट्यावरून आलो, आम्हाला माहीत नव्हतं, दिसलं तसे थांबलो, आणि त्या माणसांना वाटलं हे सगळं बसवलेलं आहे, रडणंसुद्धा. मग म्हटलं, याच्यापाशी त्याची टेप आहे. नामदेवने हात पुढे केला.

तो ओटीवर बसून ऐकत होता आणि आम्ही दोघे अंगणात उभे होतो. ऐकून झाल्यावर म्हणाला, परत लावा. दुसऱ्यांदा ऐकताना त्याने डोळे मिटून घेतले होते. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"रडनं राहू दे," तो ईशानला म्हणाला. "बहीन हाय माझी. आमच्याकडं आयेचा फोटोपन नाय, हे तरी राहील. टाळ्या तेवढ्या काढा."

ईशान खाली बसला. म्हणाला, ते वेगळं करता येत नाही. दोन्ही एकाच वेळी टेप झालंय, एकातएक मिसळलंय.

"मिसळलंय?"

"हो."

नामदेवच्या आईसाठी कोणी रडलं त्याची जगातली एकमेव खूण त्याच्या मांडीवर होती, आणि ती टाळ्या वाजवणाऱ्यांनी अशी करून ठेवली होती की त्याला ती ठेवून घेता येत नव्हती. "मंग पुसा सगळंच," तो म्हणाला.

ईशानने त्याच्या समोर बटण दाबलं. दुसरीकडे कुठे काढून ठेवलेलं नाही, असं त्याने न विचारता सांगितलं. म्हणूनच मी विश्वास ठेवला. तो गाडीकडे गेला. पुढे तो कार्यक्रम त्याने केलाही नाही, असं ऐकतो.

मी मागे राहिलो होतो. नामदेव म्हणाला, "मास्तर, तुमी थांबलात ते मी तवाच बघितलं होतं. तुमच्यावर राग नाय. पन ती बसमधली माणसं अजून कोनाकोनाला सांगत असतील, किती भारी कार्यक्रम बघितला म्हनून. त्यांना कोन सांगेल?"

मी त्यांना एकदा तोंडाने सांगून बघितलं होतं, त्यावर टाळ्या पडल्या होत्या. छापलेल्या ओळीवर टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी बसने आलेल्यांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडला तर त्याने एवढं वाचावं: आम्ही थांबलो तो कार्यक्रम नव्हता. आत पारूबाई होती, आणि तिच्या लेकीला पोचायला उशीर झाला होता.